अर्धा आवळा आणि विहाराचा परस

अहेरीहून प्राणहितेच्या काठाने जाताना लागणाऱ्या एका लहानशा गावात एक बुद्धविहार आहे. विहारापुढे पिंपळ आहे आणि मागच्या परसात आवळ्याचे एक झाड आहे. एका उपासिकेने आठ वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून कलम आणून ते लावले. पहिले दोन उन्हाळे घागरीने पाणी घालून तिने ते जगविले. झाड वाढले, दरवर्षी चैत्राच्या सुमारास फुलू लागले, परंतु फळ मात्र एकही धरेना. गावात त्याला 'वांझ आवळा' असे नाव पडले. विहार समितीच्या बैठकीत ते तोडून त्या जागी पाण्याची टाकी बांधावी, अशी सूचना आली. मी पालीचा अध्यापक म्हणून त्या बैठकीस सहज उपस्थित होतो. एका वृद्ध उपासकाने मला विचारले, "सर, धम्मात ह्या झाडाविषयी काही सांगितले आहे काय? असेल तर आधी ते सांगा, मग कुऱ्हाड चालवू." त्या दिवशी जे थोडक्यात सांगितले, तेच प्रस्तुत लेखात विस्ताराने मांडत आहे. जे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते आणि पुढे शिकावे लागले, तेही येथे नमूद केले आहे.

आमलक आणि आवळा

'आवळा' हा शब्द पाली व संस्कृत 'आमलक' ह्या शब्दापासून प्राकृतातून मराठीत आला. स्वरांमधील 'म'चा 'व' होणे ही मराठीची नित्याची प्रवृत्ती होय. पालीमध्ये फळाला 'आमलक' व झाडाला 'आमलकी' असे म्हणतात. प्राणहितेच्या पलीकडच्या तेलुगू मुलखात ह्यालाच 'उसिरी' म्हणतात आणि अहेरीच्या बाजारात दोन्ही नावे ऐकू येतात. अंगणात लावला जाणारा, झुबक्यांनी फळणारा फिकट पिवळा रायआवळा हा ह्याच कुळातील असला तरी वेगळा वृक्ष आहे. पाली ग्रंथांतील आमलक म्हणजे सहा पुसट रेषांचा, तुरट-आंबट, खाऊन वर पाणी प्यायल्यास गोड लागणारा रानआवळा, हे ध्यानात ठेवावे.

हे फळ बुद्धकालीन लोकांच्या किती परिचयाचे होते, हे एका साध्या उल्लेखावरून कळते. कोकालिक भिक्खूच्या कथेत त्याच्या अंगावरील फोड कसे वाढत गेले, हे सांगताना मोहरी, मूग, वाटाणा, बोराची आठोळी, बोर, आवळा, कोवळे बेलफळ आणि पक्व बेलफळ असा चढता क्रम दिला आहे. ऐकणाऱ्याला प्रत्येक फळाचा आकार डोळ्यांपुढे आणता येत असेल तरच अशा मापाला अर्थ राहतो. बोराहून मोठा व कोवळ्या बेलाहून लहान असा तो आवळा मज्झिमदेशातील प्रत्येक श्रोत्याने हाताळलेला होता.

विनयातील आवळा

आवळ्याला खरे महत्त्व मिळाले ते विनयपिटकात. महावग्गातील 'भेसज्जक्खन्धक' हा संपूर्ण खंड औषधांना वाहिलेला आहे. सावत्थी येथे भिक्खूंना शरद ऋतूतील आजार जडला. अन्न पचेना आणि देह कृश होत चालले. तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे अनुज्ञात केली. त्यानंतर प्रसंगाप्रसंगाने मुळे, काढे, पाने, फळे, डिंक व मीठ यांना अनुज्ञा मिळाली. फळांच्या यादीत वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा आणि आवळा ही नावे आहेत. पुढे त्रिफळा म्हणून घरोघर पोहोचलेली तिन्ही फळे येथे ओळीने आली आहेत.

ह्या अनुज्ञेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भिक्खूला मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य आहे. अन्नाचा साठा करणेही वर्ज्य आहे. पूर्वोक्त पाच औषधेसुद्धा सात दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. परंतु आवळा, हिरडा आदी फळे 'यावजीविक' वर्गात मोडतात. एकदा स्वीकारल्यावर ती आयुष्यभर जवळ ठेवता येतात आणि आजाराचे कारण असेल तेव्हा केव्हाही घेता येतात. ज्याच्या मालकीची तीन चीवरे आणि एक भिक्षापात्र, त्याला आवळकाठी मात्र जन्मभर बाळगण्याची मोकळीक होती. अपरिग्रहाच्या जीवनात आजाऱ्यासाठी ठेवलेली ही एक लहानशी फट होय.

निसर्गाचा क्रमही येथे पाहण्यासारखा आहे. आवळा वसंतात फुलतो, पण फलधारणा झाल्यावर त्याचे फळ वाढत नाही. सबंध उन्हाळा ते टाचणीच्या डोक्याएवढे निद्रिस्त राहते आणि पावसाळा लागल्यावरच आकार घेते. कार्तिकापासून पौषापर्यंत ते पक्व होते. म्हणजे भिक्खू वर्षावासासाठी एका जागी थांबतात, त्या काळात फळ भरते आणि वर्षावास संपून चीवरदानाचा काळ येतो, तेव्हा उपासकांच्या हाती ते पडू लागते. दान देण्याचा हंगाम आणि आवळ्याचा हंगाम हे असे एकमेकांना लागून आहेत.

आमलकीवन

आवळ्याचे इतरही उल्लेख आहेत. उरुवेलेच्या जटिल काश्यपाच्या प्रसंगी भगवंतांनी जांभूळ, आंबा, आवळा व हिरडा ही फळे आणल्याची कथा महावग्गात येते. बुद्धवंसात फुस्स बुद्धांचा बोधिवृक्ष 'आमण्ड' असल्याचे सांगितले आहे आणि परंपरा त्याचा अर्थ आवळाच करते. म्हणजे पिंपळ जसा गौतम बुद्धांचा, तसा आवळा हाही एका बुद्धाचा बोधिवृक्ष मानला गेला. परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मज्झिमनिकायातील चातुमसुत्ताचा प्रसंग.

शाक्यांच्या चातुमा गावी भगवान बुद्ध आमलकीवनात म्हणजे आवळ्याच्या राईत राहत होते. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्यासमवेत सुमारे पाचशे नवे भिक्खू तेथे आले. आसने मांडताना, पात्र-चीवर ठेवताना आणि आधीच्या भिक्खूंची विचारपूस करताना मोठा गलबला झाला, जणू कोळ्यांनी मासे ओढताना करावा तसा. भगवंतांनी त्या सर्वांना निघून जाण्यास सांगितले. तेव्हा चातुमेच्या शाक्यांनी आणि ब्रह्मा सहम्पतीने येऊन भगवंतांना विनविले. त्यांनी दिलेल्या दोन उपमांपैकी एक कोवळ्या रोपांची आहे. रुजलेल्या कोवळ्या बीजाला पाणी मिळाले नाही तर त्यात विकार होतो. तसेच नव्याने प्रव्रजित झालेल्यांना शास्त्याचे दर्शन मिळाले नाही तर त्यांच्यात विकार होईल, असे त्यांनी निवेदन केले. भगवंत प्रसन्न झाले आणि भिक्खूंना परत बोलाविण्यात आले.

आवळ्याच्या राईतच ही रोपाची उपमा दिली गेली, हा योगायोग असेल. परंतु ज्याने ह्या भागातील वैशाख पाहिला आहे आणि पाण्यावाचून माना टाकलेली रोपे पाहिली आहेत, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

अर्धा आवळा

आता इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध आवळ्याकडे वळू. 'अशोकावदान' ह्या संस्कृत ग्रंथात सम्राट अशोकाच्या अखेरच्या दिवसांची कथा आहे. अशोकाने संघाला शंभर कोटी दान देण्याचा संकल्प केला होता. त्यापैकी शहाण्णव कोटी दिले आणि तो आजारी पडला. अमात्यांच्या सल्ल्याने युवराज संपदीने कोषागारातून काही देऊ नये, अशी आज्ञा काढली. अशोकाला सोन्याच्या ताटात भोजन येई, ते ताट त्याने कुक्कुटारामाला पाठविले. मग चांदीची ताटे येऊ लागली, तीही त्याने दिली. पुढे त्याहून हीन धातूची आणि शेवटी मातीची भांडी आली. अखेर त्याच्या हाती अर्धा आवळा उरला. "आता ह्या पृथ्वीचा स्वामी कोण?" असे त्याने अमात्यांना विचारले आणि तो अर्धा आवळा संघाला पाठवून दिला. संघस्थविराने तो कालवणात घालून सर्व भिक्खूंना वाटला. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन्‌त्संगाने पाटलिपुत्र येथे ह्या फळाच्या स्मरणार्थ उभारलेल्या आमलक स्तूपाची नोंद केली आहे. फळ शिजविले आणि बिया जपून ठेवल्या, अशी परंपराही त्याने सांगितली आहे.

पाली परंपरेलाही हा प्रसंग ठाऊक होता. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त मरणस्मृतीच्या प्रकरणी, सबंध पृथ्वी भोगलेला अशोक शेवटी केवळ अर्ध्या आवळ्याचा धनी उरला, असे उदाहरण दिले आहे. 'महावंसा'त उलट चित्र आहे. तेथे अशोकाच्या वैभवकाळी देवता त्याच्यासाठी हिमालयातून औषधी आवळे व हिरडे आणतात. दोन्ही कथा एकत्र वाचल्या म्हणजे अशोकाच्या चरित्राच्या उदयाला आणि अस्ताला एकच फळ उभे असल्याचे दिसते.

ही कथा ऐतिहासिक वृत्तांत म्हणून स्वीकारता येत नाही. अशोकाच्या शिलालेखांत तिचा मागमूस नाही आणि अवदानाचा हेतू दानाचे माहात्म्य सांगणे हा आहे. अभ्यासक बहुधा तिचा अर्थ वैभवाची अनित्यता असा करतात. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे, असे मला वाटते. विनयाच्या दृष्टीने पाहिले तर सम्राटाने शेवटी संघाला दिलेली वस्तू भिक्खूला आयुष्यभर ठेवता येणाऱ्या वर्गातील आहे. सोन्याचे ताट भिक्खूला बाळगता येत नाही, आवळा बाळगता येतो. स्वतः आजारी असलेल्या माणसाने आपल्या हातातील औषध दुसऱ्यास दिले, असाही ह्या कथेचा अर्थ होतो. आणि संघस्थविराने काय केले? यावजीविक वस्तू अन्नात मिसळली की ती अन्नाच्याच नियमाखाली येते आणि त्याच दिवशी मध्यान्हापूर्वी संपवावी लागते. जे साठविता आले असते, ते न साठविता त्याने सर्वांना घोट-घोट वाटले. अशोकावदानाची परंपरा पाली विनयाहून भिन्न निकायाची असल्याने हा अर्थ मी सिद्धान्त म्हणून नव्हे, विचारार्थ मांडत आहे. तरीही देणाऱ्याने हातचे सर्व दिले आणि घेणाऱ्यांनी ते वाटून घेतले, एवढे दोन्ही परंपरांच्या वाचकाला मान्य होण्यासारखे आहे. आपल्या भाषेत 'आवळा देऊन कोहळा काढणे' अशी म्हण आहे. अशोकाचा आवळा ह्या म्हणीच्या नेमका उलट आहे.

अशोकाने झाडांविषयी जे निश्चितपणे केले, ते मात्र दगडावर कोरलेले आहे. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी उपयुक्त औषधी, मुळे व फळे जेथे नव्हती तेथे आणून लावविल्याचे तो सांगतो. आवळ्याचे नाव तेथे नाही, परंतु परसबागेचे तत्त्व आहे. जे उपयोगाचे आहे आणि येथे नाही, ते येथे लावावे. हे तत्त्व आपल्या मुलखापासून दूरचे नव्हते. अहेरीच्या उत्तरेस, वैनगंगेच्या खोऱ्यात, नागभीड तालुक्यातील देवटेक येथे ब्राह्मी लिपीतील एक शिलालेख सापडला. प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा हा लेख अशोकाच्या धर्ममहामात्राचा असल्याचे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. त्याच नदीवर पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. हीच वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि अहेरीवरून वाहते.

बीज आणि प्रत्यय

भिक्खूने वनस्पतीची हानी करू नये, असा नियम विनयात आहे. आळवी येथील भिक्खू झाड तोडू लागले आणि लोक त्यांची निंदा करू लागले, ह्या प्रसंगातून तो घडला. त्या नियमाच्या स्पष्टीकरणात वनस्पतींची वाढ पाच प्रकारच्या बीजांपासून सांगितली आहे. ते प्रकार म्हणजे मूळ, खोड, पेर, शेंडा आणि प्रत्यक्ष बी. शेतकऱ्याच्या निरीक्षणावर आधारलेले हे वर्गीकरण आजही परसात उपयोगी पडते.

आवळा बियांपासून रुजतो. पक्व फळे उन्हात सुकविली की आठोळी तडकते आणि आतून सहा लहान तपकिरी बिया निघतात. त्या पाण्यात भिजवून, बुडालेल्या तेवढ्या पेराव्यात. परंतु बियांचे झाड फळाला उशीर लावते आणि त्याची फळे मूळ झाडासारखीच येतील, असा भरवसा नसतो. म्हणून वर्षाच्या रोपावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात. बनारसी, चकैया ह्या जुन्या जाती, तसेच फैजाबादच्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठातून आलेल्या कृष्णा, कांचन व एनए-७ ह्या जातींची कलमे अशीच तयार होतात. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि आवळा अनेक गावांत पोहोचला.

विहारातील झाड का फळत नव्हते, ह्याचे उत्तर मला पोथीत नव्हे, कृषी विभागातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून मिळाले. आवळ्याला नर व मादी फुले एकाच फांदीवर येतात, तरीही झाडाचे परागकण त्याच झाडाला बहुधा चालत नाहीत. एकाच जातीची दहा कलमे लावली तरी फलधारणा तुटपुंजी राहते. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड हवे. रानात नाना प्रकारचे आवळे जवळजवळ असतात, म्हणून तेथे ही अडचण जाणवत नाही. परसात आपण एकच कलम आणतो आणि मग झाडाला दोष देतो.

हे ऐकताना मला 'विसुद्धिमग्गा'चे स्मरण झाले. पटिच्चसमुप्पादाचे विवरण करताना बुद्धघोष म्हणतात की एका कारणापासून एकच फळ निपजत नाही. अनेक कारणांपासून अनेकविध फळ उत्पन्न होते. त्यांनी तेथे दिलेला दृष्टान्तही ऋतू, भूमी, बीज व पाणी ह्यांपासून उगवणाऱ्या अंकुराचाच आहे. हा परिच्छेद मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकविला होता. तरीही विहारामागच्या झाडाला 'वांझ' म्हणणाऱ्यांत त्या दिवशी मीही मनातून सामील होतो, हे मान्य केले पाहिजे. ज्या शब्दाने आपल्या समाजात कितीतरी स्त्रियांना आयुष्यभर छळले, तो शब्द झाडालाही लावताना प्रत्ययांचा विचार कोणी केला नाही.

परसात आवळा कशासाठी?

'रानात आवळा असताना परसात कशाला?' असा प्रश्न अहेरी भागात स्वाभाविक आहे. आलापल्लीच्या बाजूचे जंगल अद्याप संपन्न आहे. हिरडा, बेहडा, मोह, तेंदू यांच्याबरोबर आवळाही तेथे मिळतो आणि गोळा करणाऱ्या कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्यांचा अधिकार मान्य केला आहे. परंतु फळ पूर्ण पिकण्याआधीच, फांदीसकट तोडून आणण्याची घाई अनेक ठिकाणी दिसते. फांदी गेली की पुढच्या वर्षांचे फळही जाते. जो फांद्या तोडतो त्याच्यावर केवळ रागावून उपयोग नाही. आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल, ही भीती त्यामागे असते. गावातील आजाऱ्याला, बाळंतिणीला, शाळेतील मुलांना लागणारा आवळा परसातून मिळाला, तर रानावरचा भार तेवढाच हलका होईल.

लावण्याची रीत कठीण नाही. उन्हाळ्यात मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा खणावा, तो तापू द्यावा आणि शेणखत व चांगल्या मातीने भरावा. पावसाळ्याच्या आरंभी कलम लावावे. दोन झाडांत सुमारे सात मीटर अंतर असावे आणि ती दोन निराळ्या जातींची असावीत. एका परसात दोन झाडे मावत नसतील, तर एक आपल्या परसात व एक शेजाऱ्याच्या परसात लावावे. माश्यांना कुंपण अडवीत नाही. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून काटेरी कुंपणाने जपावे आणि उन्हाळ्यात पाणी द्यावे. डोळ्याच्या खालून फुटणारे धुमारे वेळच्या वेळी काढावेत, नाहीतर कलम मरते आणि खालचे रानटी रोपच वाढते. खोडावर भुशासारखी जाळी दिसली तर साल खाणारी अळी शिरली आहे, असे समजून तारेने ती काढावी. एकदा मूळ खोल गेले की हे झाड फारसे काही मागत नाही.

संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात, कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढते, ह्या प्रश्नाला उत्तर देताना उद्याने व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया व विहिरी देणारे यांचा उल्लेख आहे. दिनांक १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला झालेल्या दीक्षा समारंभानंतर ह्या दोन्ही जिल्ह्यांत विहार उभे राहिले आणि विहारापुढे पिंपळ लावण्याची प्रथा रुजली. विहारामागे आवळ्याची जोडी लावण्याची प्रथाही रुजावयास हरकत नसावी. पिंपळाखाली वंदना करावी आणि आवळ्याचे फळ आजाऱ्याच्या घरी पोहोचवावे. विनयाने ज्या कारणासाठी आवळा अनुज्ञात केला, ते कारण आजही गावागावांत शिल्लक आहे.

त्या विहारातील झाड तोडले गेले नाही. टाकी दुसऱ्या बाजूस बांधण्यात आली. त्याच पावसाळ्यात पहिल्या झाडापासून सात मीटरवर दुसऱ्या जातीचे कलम लागले. ते फुलायला अजून दोन-तीन वर्षे आहेत. दरम्यान शेजारच्या वाडीतील रानआवळ्याची फुललेली डहाळी पाण्याच्या मडक्यात ठेवून झाडाला टांगून पाहावी, असे त्या निवृत्त गृहस्थांनी सुचविले. चैत्रात ती टांगली आणि गेल्या कार्तिकात झाडाने अकरा आवळे दिले. झाड लावणाऱ्या उपासिकेने ते घरी नेले नाहीत. पौर्णिमेच्या वंदनेनंतर ते चिरून, मीठ लावून सर्वांना वाटण्यात आले. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा आवळाही आला नाही. बिया मात्र तिने मागून घेतल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या.